दुसऱ्या लेखनाची वाट

गेल्या वर्षी कोजागरीच्या रात्री आम्ही पाच जणांनी एक नेम धरला. आम्ही म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले चार प्राध्यापक आणि एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी. नेम साधा होता. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत प्रत्येकाने रोज किमान एक पान लिहावे आणि दर रविवारी एकत्र बसून आठवड्याचे लेखन वाचून दाखवावे. शोधनिबंध चालणार नव्हता, टिपणेही चालणार नव्हती. कथा, कविता, ललित, काहीही. पण ते आपले असावे. आम्ही एम. ए. करीत होतो तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाच्या वहीत कविता होत्या. पुढे सेट-नेट, प्रबंध, अहवाल आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली त्या वह्या कधी गेल्या हे कोणाच्याच लक्षात आले नाही. त्या पुन्हा उघडाव्यात, एवढाच हेतू होता.

महिना संपला तेव्हा पाचांपैकी तिघे टिकले होते. एकाला घरच्या अडचणीमुळे थांबावे लागले. आमची विद्यार्थिनी मात्र आमच्या चुकीने थांबली. ती चूक कोणती हे आम्ही पुढे सांगणार आहोतच. पण त्या चुकीचा विचार करताना आम्हांला आमच्याच गावात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या एका बाईची आठवण झाली, आणि मग लेखन आणि सोबत यांच्या संबंधाचा थोडा इतिहास तपासून पाहावासा वाटला. लिहिणाऱ्याला मंडळ नेमके काय देते? लिहायला शिकवते काय? प्रतिभा देते काय? की आणखी काही?

महिनाभराच्या लेखनाची कल्पना अर्थात आमची नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९च्या जुलै महिन्यात ख्रिस बाटी नावाच्या तरुणाने वीस मित्रमैत्रिणींना गोळा केले आणि एका महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहून काढावी असा घाट घातला. स्वतः धरून ते एकवीस जण होते. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात नेण्यात आला आणि सहभागी झाले एकशे चाळीस. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला साधारण एक हजार सहाशे सदुसष्ट, हे त्याचे गणित. 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' या लांबलचक नावाचे 'नॅनोरायमो' हे आखूड रूप रूढ झाले, आणि पुढील काळात जगभरातील लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. येथे परीक्षक नव्हते, पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. पन्नास हजारांचा आकडा गाठला की तो जिंकला. गावोगावचे सहभागी ग्रंथालयात किंवा कॉफीच्या दुकानात शेजारी शेजारी बसून आपापले लिहीत.

यातून पुष्कळ कच्चे लेखन निघाले, यात नवल नाही. तरीही सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' (२००६) आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' (२०११) या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे अशा नोव्हेंबरांतच लिहिले गेले. पुढे या उपक्रमाची रीतसर संस्था झाली, आणि संस्थांचे दुखणे तिलाही लागले. पैशाची तंगी, किशोरवयीन सहभागींच्या सुरक्षिततेविषयी २०२३ साली झालेल्या तक्रारी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत २०२४ साली घेतलेल्या भूमिकेवरून उठलेला गदारोळ, या सर्वांनी ती खिळखिळी झाली. ३१ मार्च २०२५ रोजी संस्था बंद होत असल्याचे जाहीर करण्यात आले. ही बातमी आम्ही विभागात बसून वाचली, आणि 'आपण करून पाहू या का?' हा प्रश्न त्याच दिवशी निघाला. एखादी गोष्ट बंद पडल्यावर तिची आठवण होणे हा आमच्या पिढीचा स्वभावच असावा.

परंतु महिन्याचा नेम आणि त्यासाठी जमणारी मंडळी ही आपल्याला परकी गोष्ट नाही. श्रावणात पोथी लागते. एक जण वाचतो, दहा जण ऐकतात, आणि ती रोज ठरल्या वेळी पुढे सरकते. आमच्या वऱ्हाडातील खेड्यांत कोजागरीपासून काकडा सुरू होतो तो त्रिपुरीपर्यंत. पहाटेच्या थंडीत देवळात माणसे जमतात, टाळ-मृदंग वाजतो, भूपाळ्या आणि अभंग होतात. काकड्यात कोणाचा आवाज कसा आहे हे कोणी विचारीत नाही. ज्याला ताल नाही तोही टाळ धरतो. एखादा दिवस चुकला तर मात्र दुसऱ्या दिवशी हटकून प्रश्न येतो, 'काल काऊन नाही आला?' आम्ही आमच्या नेमासाठी काकड्याचाच महिना निवडला तो या साम्यामुळे. मात्र त्या प्रश्नाचे मोल त्या वेळी आम्हांला पुरते कळले नव्हते.

आता त्या बाईकडे येऊ. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरि शिंदे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. चार भावांत ही एकटी मुलगी. वडिलांनी तिला शिकवले, लग्न करून घरजावई आणला. मूलबाळ झाले नाही. याहून अधिक तपशील त्यांच्या आयुष्याविषयी फारसा मिळत नाही. जन्म-मृत्यूची वर्षेही अंदाजानेच सांगितली जातात.

निबंधाचे निमित्त सर्वांना ठाऊक आहे. सुरत जिल्ह्यातील ओलपाडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली, आणि पुढे पाच वर्षांवर. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्याविषयी जे लिहिले गेले त्याने ताराबाई संतापल्या. जो जो दोष स्त्रीचा म्हणून सांगितला जातो तो पुरुषात आहे की नाही, आणि असल्यास किती पट, असा हिशेबच त्यांनी मांडला. शास्त्रे, पुराणे, नाटके, कादंबऱ्या, सुधारकांच्या सभा, कोणीही त्यातून सुटले नाही. प्रस्तावनेत मात्र त्या आपण घरात कोंडलेल्या बाई आहोत, आणि निबंध लिहिण्याची ही आपली पहिलीच वेळ आहे, असे नम्रतेने सांगतात. पुढचा मजकूर वाचणाऱ्याला ही नम्रता किती खरी मानावी असा प्रश्न पडतो. ती वाणी नवख्या लेखकाची नव्हे. पुष्कळ दिवस मनात बोलत आलेल्या माणसाची आहे.

पुस्तक निघाले, त्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र शांतता आहे. ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. त्यांचे पहिले पुस्तकही विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. म्हणजे मधे त्र्याण्णव वर्षे गेली. आज ते पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आहे, १९९४ साली रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला, त्यावर प्रबंध लिहिले गेले. आम्ही ते दरवर्षी शिकवतो. शिकवताना त्याचा आवेश, त्याची बोली, त्याचा उपरोध या सर्वांविषयी बोलतो. पण त्या १८८२नंतर काय करीत होत्या, हा प्रश्न आम्ही वर्गात क्वचितच विचारतो.

ही एकटी घटना असती तर व्यक्तिगत म्हणून सोडून देता आली असती. परंतु याच्या सत्तावीस वर्षे आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला होता. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी. तो निबंध आजही अंगावर येतो. त्यानंतर मुक्ताच्या नावावरही दुसरे लेखन नाही. दोघींच्याही पहिल्या लेखनामागे जबर कारण होते. पहिल्या लेखनाला बहुधा असे कारण पुरते. संताप पुरतो, दुःख पुरते, एखादी बातमी पुरते. दुसऱ्या लेखनाचे तसे नसते. ते लिहिण्यासाठी लिहिणाऱ्याला असे वाटावे लागते की आपण पुढे काय लिहितो याची कोणी वाट पाहत आहे.

ताराबाईंच्याच काळातील काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचे उदाहरण येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. काशीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या. पती गोविंदराव स्वतः लिहिणारे, घरात पुस्तके, सभोवती प्रार्थनासमाजाचे वर्तुळ, आणि हरि नारायण आपटे यांच्याशी वाङ्मयीन स्नेह व पत्रव्यवहार. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केले. 'रंगराव' ही कादंबरी मासिकातून येऊ लागली आणि १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली. 'पालखीचा गोंडा' आली १९२८ साली. चाळीस वर्षे त्या लिहीत राहिल्या. आमच्या मते ताराबाईंची लेखणी काशीबाईंहून अधिक धारदार होती. तरी वाङ्मयेतिहासात एकीचे पुस्तक आहे आणि दुसरीची कारकीर्द.

हा फरक केवळ सोबतीमुळे पडला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जात होती, आर्थिक स्थिती होती, आणि पुणे व बुलढाणा यांतील अंतर होते. आजही बुलढाण्याला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन घाटाखाली मलकापूरला. छापखाने, मासिके आणि वाचक जेथे होते तेथून ताराबाई दूर होत्या. शिवाय काशीबाई ज्यांच्याविषयी लिहीत होत्या ते समाजाला रुचेल अशा बेताने लिहीत होत्या. ताराबाईंनी बेत ठेवलाच नाही. पण ही सगळी कारणे एकत्र केली तरी त्यांतून जे उरते ते हेच की पुण्यातील बाईला पुढचे प्रकरण कधी, असे विचारणारे कोणी होते. बुलढाण्यातील बाईला तसे कोणी असल्याचा मागमूस नाही. जोतीरावांनी त्यांची पाठराखण केली, ती मोठीच गोष्ट होती. परंतु पाठराखण झालेल्या पुस्तकाची होते. न झालेल्या पुस्तकाला लागते ती सोबत.

पुढच्या शतकात १९२३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी १४ जानेवारीला अमरावती येथे विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. पुढे त्याचे मुख्यालय नागपूरला गेले. त्याच वर्षी पुण्यात रविकिरण मंडळ आकाराला आले. एक संघ, दुसरे मंडळ. या दोन शब्दांतच दोन प्रकारच्या गरजा दडलेल्या आहेत. संघ संमेलने भरवतो, नियतकालिक चालवतो, इमारत बांधतो, एका प्रांताच्या लेखनाला मान मिळावा म्हणून झटतो. विदर्भ साहित्य संघाने हे काम शंभराहून अधिक वर्षे केले आहे आणि 'युगवाणी'ने आमच्या भागातील अनेकांना पहिले छापील पान दिले आहे. मंडळाचे काम मात्र एवढे मोठे नसते. त्याला चहा आणि रविवार पुरतो.

रविकिरण मंडळाचा आरंभ अक्षरशः चहापासून झाला. काही मित्र रविवारी चहाला जमत. त्या बैठकीला त्यांनी गमतीने 'सन-टी क्लब' म्हटले, आणि त्यातूनच पुढे 'रविकिरण' हे नाव सिद्ध झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, 'दिवाकर', वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले ही या मंडळाशी निगडित नावे. लोकांनी त्यांना सप्तर्षी म्हटले आणि मनोरमाबाईंना अरुंधती. आमच्यासारख्या शिक्षकांना यातील एक गोष्ट विशेष जवळची वाटते. माधव जूलियन फारसी शिकवत, गिरीश आणि दिवाकर शिक्षक होते, घाटे शिक्षणक्षेत्रातले. यशवंत येरवड्याच्या रिफॉर्मेटरीत नोकरीला होते. म्हणजे आठवडाभर वर्ग आणि कचेऱ्या सांभाळून रविवारी जमणारी ही माणसे होती. त्यांतही दिवाकर कवी म्हणून नव्हे तर नाट्यछटाकार म्हणून ओळखले जातात, आणि माडखोलकर पुढे कादंबरीकार, समीक्षक आणि नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक झाले. सगळे एकाच प्रकारचे लिहीत नव्हते, तरी एकमेकांचे ऐकत होते.

या मंडळाने काय साधले? नव्या कविता आधी बैठकीत वाचल्या गेल्या आणि मग छापल्या गेल्या. 'किरण' हा त्यांचा एकत्रित संग्रह १९२३ साली निघाला. प्रकाशक शोधत फिरण्याऐवजी त्यांनी मंडळाच्या नावाने पुस्तके काढली. कवितांचे जाहीर गायन करून तिला सभागृहात नेले. सुनीत, गझल, खंडकाव्य असे प्रकार हाताळण्याचा धीर त्यांना एकमेकांमुळे आला असावा असे म्हणण्यास जागा आहे. 'विरहतरंग' १९२६ साली आले, गिरीशांचे 'आंबराई' १९२८ साली. पाच-सात वर्षांत इतक्या थोड्या माणसांनी इतके लिहावे, हे मराठी कवितेत पूर्वी क्वचितच घडले होते.

याची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. एकमेकांच्या सहवासात लिहिणारे एकमेकांसारखे लिहू लागतात. रविकिरण मंडळाच्या कवितेतील ठरीव प्रेमभावना, फारसी शब्दांची हौस, गाण्याचा सोस यांवर आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) मध्ये अशी विडंबने केली की शंभर वर्षांनंतर पुष्कळ वाचकांना मूळ कवितांऐवजी विडंबनेच आठवतात. बा. सी. मर्ढेकरांच्या 'शिशिरागम' (१९३९) वर माधव जूलियन यांच्या वळणाची छाप आहे. 'काही कविता' (१९४७) लिहिण्यासाठी मर्ढेकरांना त्या वळणातून बाहेर पडावे लागले. मंडळेही फार काळ टिकत नाहीत. रविकिरण मंडळ एका तपाच्या आसपास ओसरले. नॅनोरायमो पंचवीस-सव्वीस वर्षे चालला. सोबतीचे आयुष्य लेखनाच्या आयुष्याहून लहान असते, आणि ते तसे असावे यात वावगे काही नाही.

येथे कोणी म्हणेल की चांगले लेखन एकांतातच होते, आणि याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली सिंदखेडराजाचा. त्यांनी पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळात जाऊन राहण्याऐवजी मेहकरात वकिली केली, आणि २०००मध्ये निधन होईपर्यंत मेहकर हेच त्यांचे गाव राहिले. 'शीळ' हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ साली आला तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. त्यानंतर 'अभिसार' १९६३ साली, आणि 'खूणगाठी' थेट १९८५ साली. या संग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रोज एक पान या हिशेबाने पाहिले तर ना. घ. पहिल्याच आठवड्यात नापास झाले असते. तरी मराठी भावकवितेत त्यांचे स्थान काय आहे, हे सांगण्याची गरज नाही.

हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, पण अर्धाच. ना. घ. यांचा संग्रह उशिरा आला. त्यांची कविता मात्र त्याआधी वीसेक वर्षे लोकांच्या ओठी होती. जी. एन. जोशी यांनी 'शीळ' कविता गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळातील ते एक अत्यंत लोकप्रिय गाणे ठरले. मेहकरातील वकिलाला आपली कविता महाराष्ट्रभर ऐकली जाते हे ठाऊक होते. मंडळ नसेल, पण ऐकणारे होते, आणि पुढची कविता मागणारे होते. एकांतात लिहिणे आणि कोणीच वाट पाहत नसताना लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून 'खूणगाठी' निघते. दुसरीचा शेवट कसा होतो ते ताराबाईंच्या उदाहरणात दिसते.

आता आमच्या चुकीविषयी. दुसऱ्या रविवारी आमच्या विद्यार्थिनीने एक पान वाचून दाखवले. तिची आई कापूस वेचायला जाते, आणि वेचणीच्या दिवसांत आईच्या बोटांना पडणाऱ्या भेगांविषयी ते लेखन होते. मधूनच वऱ्हाडी बोली येत होती, मधूनच पाठ्यपुस्तकी भाषा. वाचून झाल्यावर आम्ही आमच्या सवयीप्रमाणे बोलू लागलो. एकाने निवेदनाच्या भाषेतील विसंगती दाखवली. दुसऱ्याने शेवट भावविवश झाल्याचे सांगितले. तिसऱ्याने सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'चे उदाहरण दिले. या जिल्ह्यातल्या मातीतून आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या त्या कादंबरीत शेतकऱ्याचे दुःख कसे संयमाने आले आहे ते समजावून सांगितले. अर्धा तास चर्चा झाली. आम्ही बोललो ते चुकीचे होते असे आजही आम्हांस वाटत नाही. तिनेही सर्व वहीत उतरवून घेतले.

पुढच्या रविवारी ती आली नाही. परीक्षेचे दिवस असतील असे आम्ही धरून चाललो. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. कोणी विचारले नाही. ज्या महिन्यात देवळादेवळांत न आलेल्या माणसाची चौकशी होत होती, त्याच महिन्यात मराठीचे चार प्राध्यापक एका मुलीची अनुपस्थिती मुकाट्याने गृहीत धरून बसले. त्रिपुरीनंतर आमच्यातील एक बाई तिला ग्रंथालयात भेटल्या आणि वहीचे काय झाले म्हणून विचारले. ती म्हणाली, 'मॅडम, मला वाटलं झालं ते. तुम्ही सगळ्यांनी तपासून दिलं ना.'

तपासून दिले, या शब्दाने आम्ही खजील झालो. आम्ही तिच्या पानाला उत्तरपत्रिका समजलो होतो. उत्तरपत्रिका तपासली की काम संपते. परीक्षकाला विद्यार्थ्याच्या पुढच्या उत्तराची उत्सुकता नसते. आमच्या महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळांचा कारभार पाहिला तर तो बहुतांशी असाच आहे. उद्घाटनाला पाहुणे येतात, निबंधस्पर्धा होते, क्रमांक काढले जातात, भित्तिपत्रक लागते, वार्षिकांकात कविता छापली जाते. दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात पाच-दहा मुले-मुली आपले पहिले लेखन आणून देतात. त्यांचे कौतुकही होते. पण पारितोषिक म्हणजे एका अर्थाने पूर्णविराम असतो. त्यानंतर दुसरी कविता कधी, असे त्यांना विचारणारी व्यवस्था आमच्याकडे नाही. मुलींच्या बाबतीत तर वार्षिकांकातील पहिली कविता आणि लग्नपत्रिका यांत कधी कधी एका वर्षाचेही अंतर नसते.

याचा अर्थ समीक्षा नको असा नाही. रविकिरण मंडळालाही अत्र्यांची गरज होतीच. मात्र ज्यांचे पुढचे लेखन येणार हे ठरलेले असते, त्यांना विडंबन सोसते. माधव जूलियन यांच्यावर विडंबने झाली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी 'विरहतरंग' आले, कारण रविवार चुकला नव्हता. आधी सोबत आणि मग समीक्षा, हा क्रम आम्ही उलटा केला होता. पहिल्या पानाला समीक्षा दिली आणि दुसऱ्या पानाला सोबत दिली नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला आमचा नेम संपला, पण रविवारची बैठक आम्ही चालू ठेवली आहे. नियम थोडे बदलले. वाचून झालेल्या लेखनावर त्याच दिवशी मतप्रदर्शन करायचे नाही. पान किती मोठे, याची मोजणी नाही. जो येणार नाही त्याला सोमवारी विचारायचे. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आमची विद्यार्थिनी पुन्हा आली. तिने अर्धे पान आणले होते. आईने आपल्याविषयी लिहिलेले ऐकल्यावर काय म्हटले, याविषयी ते होते. भाषा अजून दुरंगी होती, शेवट अजून भावविवश होता. आम्ही ऐकले. चहा झाला. मग आमच्यातील एकाने तिला विचारले की पुढे आई काय म्हणाली. ती म्हणाली, अजून लिहायचे आहे.